मदत हवी आहे: मे महिन्यात नागपुरात चार तासांची लाँग रन, पाण्याचं गणित बसत नाहीये

जूनमधल्या कॉम्रेड्सची (दक्षिण आफ्रिकेतली डर्बन-पीटरमॅरिट्झबर्ग धावण्याची शर्यत, सुमारे ९० किमी) तयारी चालू आहे, त्यामुळे लांब पल्ल्याच्या रन नेमक्या मे महिन्यात येतात. पहाटे साडेतीनला सुरुवात केली तरी शेवटचे दोन तास उन्हातच जातात.

घामाचं माप असं: धावण्याआधी कोरडं वजन ६८.० किलो, ९० मिनिटांनी अंग पुसून, कपडे काढून ६६.४. मध्ये ४०० मिली प्यायलो. म्हणजे दीड तासात २ लिटर, ताशी साधारण १.३ लिटर. सध्या ताशी ६०० मिली घेतो. चार तासांत तूट जवळजवळ २.९ किलो, वजनाच्या चार टक्क्यांवर. हे जास्तच आहे.

ताशी ८०० मिली केलं की दुसऱ्या तासानंतर पोट डचमळतं, पाणी आत गुडगुडत राहतं. ओआरएस बरोबर प्रमाणात आहे, १ लिटरचं पाकीट १ लिटरमध्येच. पाणी कमी घातलं तर मिश्रण दाट होऊन पोट आणखी बिघडतं. नुसतं पाणी ढोसायचं नाही, रक्तातलं सोडियम उतरण्याचा धोका असतो.

विदर्भात, खानदेशात उन्हाळ्यात धावणाऱ्यांनी कृपया सांगा: दर १० मिनिटांनी १२०-१३० मिली असे छोटे घोट घेऊन पोट सरावतं का, किती आठवड्यांत? एनर्जी जेल (धावताना ताकदीसाठी खायचा साखरेचा दाट पाक) ओआरएससोबत घेता की साध्या पाण्यासोबत? की ३५ किमीच्या या लाँग रनचे दोन तुकडे करून दुसरा संध्याकाळी धावावा? सात वाजताही डांबर तापलेलंच असतं, म्हणून मन धजत नाही.