दीर्घ मुदतीच्या व्हिसाआधी पासपोर्टचे नूतनीकरण करावे का?

गोदातीर:
नमस्कार. माझ्या मुलीला जर्मनीत दोन वर्षांच्या एम.एस. अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असून एपीएस प्रमाणपत्र (भारतातील शैक्षणिक कागदपत्रांची जर्मनीसाठीची पडताळणी) आणि ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधी भरून ठेवायचे आणि दरमहा ठराविक पैसेच काढता येणारे खाते) ही दोन्ही कामे झाली आहेत. तिच्या पासपोर्टची मुदत मात्र अकरा महिन्यांत संपते. आम्ही नाशिकला राहतो; व्हिसाची अपॉइंटमेंट अजून घेतलेली नाही. नवा पासपोर्ट काढल्याने विद्यार्थी व्हिसा मिळणे सोपे होते का, की जुन्या पासपोर्टवरील सिंगापूर व थायलंडचे शिक्के गमावून उलट नुकसानच होईल?

सह्यकडा:
पासपोर्ट नवा आहे म्हणून अर्जाचे वजन वाढत नाही. प्रवेशपत्र, पैशांची तरतूद, भाषेची तयारी आणि हाच अभ्यासक्रम का निवडला याचे पटण्याजोगे उत्तर, यांवरच निर्णय होतो. तरीही आपण नूतनीकरण करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो आणि पुढचा रहिवास परवाना तिथल्या शहरातील परदेशी नागरिकांचे कार्यालय देते. पासपोर्टच मध्येच संपत असेल, तर परवानाही सहसा त्याच तारखेपर्यंत मिळतो. म्हणजे ऐन पहिल्या वर्षी, परीक्षांच्या धामधुमीत, मुलीला बर्लिनचा भारतीय दूतावास किंवा फ्रँकफर्ट, हॅम्बर्ग, म्युनिक यांपैकी एखादे वाणिज्य दूतावास गाठून पासपोर्ट काढावा लागेल आणि त्यानंतर परवान्यासाठी पुन्हा शुल्क भरून रांगेत थांबावे लागेल.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा, ही अट आपल्याकडे वेगळी तपासावी लागत नाही, कारण प्रौढांचा भारतीय पासपोर्ट दहा वर्षांचाच असतो. दोन कोरी पाने मात्र जरूर पाहा.

शिक्क्यांची काळजी नको. जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात; तो अर्जासोबत दाखवता येतो. त्यावर एखाद्या देशाचा मुदत न संपलेला व्हिसा असला, तरी केवळ पासपोर्ट रद्द झाल्यामुळे तो सहसा बाद होत नाही.

मुळाकाठ:
वरील मताशी मी सहमत आहे, पण क्रम चुकू देऊ नका. नव्या पासपोर्टचा क्रमांक वेगळा असतो. त्यामुळे आधी नूतनीकरण, मग ब्लॉक्ड अकाउंट देणाऱ्या संस्थेला, विमा कंपनीला आणि विद्यापीठाला नवा क्रमांक कळवणे आणि त्यानंतरच व्हिसाचा अर्ज, असे करावे. अर्ज दाखल झाल्यावर पासपोर्ट बदलणे ही विनाकारण ओढवून घेतलेली अडचण ठरते.

दुसरे म्हणजे नाव. आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते, तर पासपोर्टवर वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. एपीएसची कागदपत्रे ज्या नावाने झाली, तेच नाव अक्षरशः तसेच ठेवा. नूतनीकरणाच्या निमित्ताने स्पेलिंग सुधारण्याचा मोह टाळा.

गोदातीर:
दोघांचेही मनापासून आभार. सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते. साधा अर्ज पुरेल की तत्काळ करावा?

सह्यकडा:
मुदत संपायला एक वर्षाहून कमी काळ उरला असल्याने नूतनीकरणाचा अर्ज आताच करता येईल. साध्या अर्जाचे शुल्क 36 पानांसाठी 1,500 आणि 60 पानांसाठी 2,000 रुपये आहे. तत्काळसाठी वर आणखी 2,000 रुपये पडतात. साध्या अर्जात पोलीस पडताळणी आधी लागली, तर काही आठवडे जाऊ शकतात. तत्काळमध्ये ती बहुधा पासपोर्ट हाती आल्यानंतर होते. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायलाही वेळ लागतो, त्यामुळे आपल्या जागी मी तत्काळच निवडला असता. अर्जात सध्याचा राहता पत्ताच लिहा आणि पोलीस येतील तेव्हा मुलगी घरी असेल याची काळजी घ्या, कारण पडताळणीचा प्रतिकूल अहवाल गेला, तर दिलेल्या पासपोर्टबाबतही विचारणा होऊ शकते.