तैवानचे रात्रबाजार: खाणे, खरेदी आणि तिथली माणसे (अनुभव धागा)

तैवानमधील रात्रबाजारांविषयीच्या प्रत्यक्ष अनुभवांसाठी हा धागा काढला आहे. शिक्षण, संशोधन किंवा नोकरीच्या निमित्ताने तिथे राहिलेल्या आणि सहलीसाठी जाऊन आलेल्या सर्वांनी लिहावे. काय काय खाल्ले याची यादी सहज कुठेही मिळते; त्यापेक्षा एखादी गाडी, एखादा पदार्थ करण्याची रीत, विक्रेत्यांची वागणूक, असे जे जवळून पाहिले ते सविस्तर यावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

तैपेईच्या सोंगशान भागात संशोधनासाठी राहत असताना राओहे रस्त्यावरचा रात्रबाजार माझ्या घरी परतण्याच्या वाटेवर होता. 1987 साली सुरू झालेला हा बाजार सुमारे सहाशे मीटर लांबीच्या एकाच सरळ रस्त्यावर भरतो. मध्यभागी गाड्यांची रांग, दोन्ही कडांना दुकाने, आणि माणसे आपापल्या उजव्या बाजूने पुढे सरकत राहतात. त्यामुळे शनिवारच्या गर्दीतही धक्काबुक्की होत नाही. रस्त्याच्या पूर्वेकडील तोंडाशी माझू या समुद्रदेवतेचे, 1753 साली स्थापन झालेले देऊळ आहे. तैवानमधील बरेच जुने बाजार असेच देवळांच्या आधाराने वाढले, कारण देवळापुढे मोकळी जागा असे आणि दर्शनाला येणारी माणसे भुकेली असत. पुढे 1970 नंतरच्या काळात कारखाने वाढले, तेव्हा पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगारांना स्वस्त आणि गरम जेवण याच गाड्यांनी पुरवले. म्हणून मला हे बाजार पर्यटनस्थळ वाटत नाहीत. ते त्या गावाचे रोजचे रात्रीचे जेवण आहे आणि तसेच ते पाहावेत.

देवळाच्या शेजारीच मिरपूड घातलेल्या भाजक्या पावाची प्रसिद्ध गाडी आहे. तिथे रांगेत उभे राहणे मला कधीच कंटाळवाणे वाटले नाही, कारण सगळे काम डोळ्यांसमोर चालते. मैद्याच्या पारीत मिरपुडीने माखलेले डुकराचे मांस आणि वर मूठभर कांद्याची पात भरून पारीचे तोंड मिटतात, माथ्यावर तीळ लावतात, आणि तळाला पाण्याचा हात फिरवून तो गोळा तंदूरसारख्या भट्टीच्या आतल्या भिंतीवर थापतात. खाली कोळसे फुललेले असतात. बाहेर काढल्यावर पापुद्रा खरपूस आणि आत कढत रस असतो, म्हणून पहिला घास अगदी जपून घ्यावा.

शिंचूहून, गृहिणी

माझे यजमान शिंचूच्या विज्ञान उद्यानातील एका कंपनीत अभियंता आहेत. येथे मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न शाकाहाराविषयी असतो, म्हणून त्यावरच लिहिते.

तैवानमध्ये बौद्ध परंपरेमुळे शाकाहार ही समाजाला पूर्णपणे परिचित गोष्ट आहे. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य करणारी माणसे आमच्या इमारतीतही आहेत. पाकीटबंद पदार्थांवर शाकाहाराचे पाच प्रकार छापलेले असतात: पूर्ण शाकाहारी, अंडे असलेले, दूध असलेले, दोन्ही असलेले, आणि कांदा-लसूण वर्गातील भाज्या असलेले. म्हणजे जैन मैत्रिणींनाही नेमकी निवड करता येते. रात्रबाजारात मात्र अशी छापील हमी नसते. तिथे शाकाहाराचे चिनी अक्षर ओळखायला शिकावे, आणि ते न दिसल्यास तेल कोणते, त्यात आधी काय तळले होते, हे विचारावे. विचारल्याचा राग कोणी मानत नाही. उलट विक्रेत्या मावशी स्वतःच हात हलवून 'हे तुमच्यासाठी नाही' असे सांगतात. आंबवलेल्या, उग्र वासाच्या टोफूबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण तो ज्या खाऱ्या पाण्यात मुरवतात त्यात काही ठिकाणी सुकवलेली कोळंबीही असते.

माझी सर्वांत आवडती गाडी रताळ्याच्या गोळ्यांची. शिजवलेले रताळे, टॅपिओकाचे पीठ आणि साखर एवढेच मळून बोराएवढे गोळे मंद तेलात सोडतात. ते वर तरंगू लागले की विक्रेता मोठ्या झाऱ्याने सगळे गोळे कढईच्या कडेला दाबून चपटे करतो आणि सोडून देतो. ते पुन्हा फुगतात. तो पुन्हा दाबतो. असे होता होता प्रत्येक गोळा आधीच्या कितीतरी पट मोठा आणि आतून पोकळ होतो. वरचे कवच कुरकुरीत आणि आतली बाजू चिवट. पिवळ्या आणि जांभळ्या रताळ्यांचे गोळे एकाच कागदी पिशवीत मिळतात. गाडीवर दुसरे काही तळत नसतील तर शाकाहारी माणसाने निःशंकपणे खावेत.

सासूबाई आल्या तेव्हा त्यांना येथील नगरदेवतेच्या देवळात नेले होते. 1748 साली बांधलेल्या या देवळाचे अंगण खाद्यपदार्थांच्या गाड्यांनी पूर्ण भरलेले आहे आणि गाभाऱ्याकडे जाण्याची वाट त्यांच्यामधूनच जाते. देवाच्या दारात मांस शिजताना पाहून त्या थोडा वेळ गप्प झाल्या, पण नंतर त्यांनी उदबत्ती लावली आणि आयू जेलीचा एक पेला घेतला. ही जेली अंजिराच्या कुळातील एका वेलीच्या बियांपासून करतात. बिया कापडी पुरचुंडीत बांधून थंड पाण्यात चोळतात आणि ते पाणी शिजवल्याशिवाय आपोआप थिजते. वर लिंबू आणि मध. सासूबाईंनी कृती नीट समजावून घेतली होती. बिया मात्र आपल्याकडे मिळत नाहीत.

ताइनानहून, विद्यार्थी

आमच्या ताइनानमधील मोठे रात्रबाजार रोज भरत नाहीत. मोकळ्या मैदानांवर ते वारांप्रमाणे भरतात, आपल्या आठवडी बाजारांसारखे: सोमवार, मंगळवार आणि शुक्रवारी तातुंगचा, बुधवार आणि शनिवारी वूशंगचा, आणि गुरुवार, शनिवार, रविवारी सर्वांत मोठा, 'बाग' या नावाचा. प्रत्येक बाजाराच्या नावातले पहिले अक्षर वारांच्या क्रमाने जोडून स्थानिकांनी त्याचे एक घोषवाक्यच केले आहे आणि आमच्या वसतिगृहात नव्या विद्यार्थ्याला ते पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतात. बरेच विक्रेते वारानुसार एका मैदानावरून दुसऱ्यावर जातात. गाड्यांवर उंच काठ्या लावून नावांचे फलक फडकत ठेवलेले असतात, त्यामुळे गर्दीतूनही हवी ती गाडी दुरून सापडते. पावसाचा रंग दिसला की जाण्याआधी चौकशी करावी.

मालवणचा, सध्या तैपेई

मासे खाणाऱ्यांनी निंगशिया रस्त्यावरचा बाजार चुकवू नये. तो आकाराने लहान आहे आणि खाण्यासाठीच ओळखला जातो. तिथे कालवांचे ऑम्लेट मिळते: तव्यावर आधी लहान कालवे, त्यावर रताळ्याच्या स्टार्चचे पातळ पाणी, मग अंडे आणि हिरवी पालेभाजी, आणि वाढताना गोडसर लाल सॉस. स्टार्चमुळे ते काहीसे बुळबुळीत, पारदर्शक होते आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला ते कच्चे राहिले असे वाटते. ते तसेच असायला हवे. आमच्या घरी कालवे खोबऱ्याच्या वाटणात होतात, त्यामुळे गोड सॉसशी जुळवून घ्यायला मला वेळ लागला. आता तो नसला तर चुकल्यासारखे वाटते. भाजलेली माकूलही आवर्जून घ्या.

पुण्याहून, पर्यटक

आम्ही आईसह गेलो होतो आणि आईला खरेदीत अधिक रस होता. शिलीनचा बाजार सर्वांत प्रसिद्ध. त्यासाठी मेट्रोच्या शिलीन स्थानकापेक्षा ज्येनथान स्थानक जवळ पडते, हे लक्षात ठेवावे. कपडे, मोबाइलची आवरणे, केसांच्या पिना, छत्र्या असे सर्व काही मिळते, पण खरोखर घेण्यासारखी वस्तू मोजे आहेत. तैवानमध्ये मोजे विणण्याचा जुना उद्योग आहे, त्यामुळे सुती मोजे टिकाऊ मिळतात आणि तीन जोड शंभर तैवानी डॉलरला असे फलक जागोजागी दिसतात. घासाघीस फारशी चालत नाही. दोन-तीन वस्तू एकदम घेतल्या तर विक्रेता स्वतःहून काही कमी करतो. शिलीनच्या गल्ल्यांत रस्त्याच्या मधोमध चाकांच्या मांडणीवर माल लावून उभे असलेले विनापरवाना विक्रेते असतात. पोलीस येत असल्याची कुणकुण लागताच ती संपूर्ण रांग क्षणात चाकांवरून बाजूच्या गल्लीत निघून जाते आणि पोलीस गेले की त्याच क्रमाने परत येते. आई ज्यांच्याकडे पैसे देत होती त्या बाईंनी जातानाही आईची सुट्टी नाणी मुठीत घट्ट धरली होती आणि परतल्यावर प्रथम तीच हातात दिली.

कपड्यांची घाऊक खरेदी करायची असल्यास राओहेजवळचा वूफनफू परिसर पाहावा. सोमवारी तिथे दुकानदारांसाठी माल भरण्याची गडबड असते, किरकोळ ग्राहकाने इतर दिवशी जावे.

यीलानजवळ काही महिने राहिलेली

वर गोड पदार्थांत एक राहून गेला आहे, तो लिहिते. लुओतुंगच्या बाजारात शेंगदाण्याच्या चिक्कीची वीटभर जाडीची लादी ठेवलेली असते आणि विक्रेती सुताराच्या रंध्याने ती तासते. तो भुसभुशीत कीस पातळ पोळीवर पसरायचा, त्यावर अरवी, अननस वगैरेंच्या आइस्क्रीमचे गोळे, त्यावर चिरलेली कोथिंबीर, आणि मग घट्ट गुंडाळी. कोथिंबीर नको असे बहुतेक परदेशी सांगतात. मराठी माणसाने तसे सांगू नये. शेंगदाणा आणि कोथिंबीर आपल्या जिभेला ओळखीचे आहेत आणि आइस्क्रीमचा गोडवा त्यांच्यामुळेच आटोक्यात राहतो.

पुन्हा धागा काढणारी

पावसात कुठे जावे, असे विचारले गेले आहे. तैपेईहून रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास असलेले कीलुंग हे पावसाचेच बंदर म्हणून ओळखले जाते आणि तेथील देवळासमोरचा बाजार पावसाला सरावलेला आहे. पिवळ्या कंदिलांखाली प्रत्येक गाडीवर क्रमांक असतो आणि फलकांवर पदार्थाचे नाव इंग्रजी व जपानीतही लिहिलेले असते, त्यामुळे चिनी न येणाऱ्यालाही अडचण येत नाही. तेथील काही गाड्या दिवसाही चालू असतात, म्हणून रात्री परतणे अवघड असलेल्यांनी दुपारी गेले तरी चालेल.