घरबसल्या स्लोव्हेनिया: आठ दुपारी कशा आखाव्यात?

धरमपेठकर:
नमस्कार. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची असून शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाली आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लांबचा प्रवास तिला झेपत नाही, आणि मे महिन्यात नागपुरात दुपारी बारानंतर दाराबाहेर पाऊल टाकायची आमच्यापैकी कुणाचीच हिंमत होत नाही. आल्प्सच्या कुशीतला एखादा लहानसा, हिरवा देश तिला सावकाश पाहायचा आहे. स्वित्झर्लंड हिंदी चित्रपटांतून पुष्कळ पाहून झाले, म्हणून आम्ही स्लोव्हेनिया निवडला. टीव्हीवर तीन चित्रफिती लावल्या, तर प्रत्येकीत आकाशातून टिपलेले तेच ब्लेडचे सरोवर, मागे तेच संगीत आणि शेवटी आईचा तोच प्रश्न: "पण आपण नेमके आहोत कुठे?" मला उत्तर देता आले नाही. पुढच्या आठ दुपारींची आखणी कशी करावी? त्यासाठी व्हीआर हेडसेट, म्हणजे आपण तिथेच आहोत असा भास देणारा, डोळ्यांवर चढवायचा पडदा, घ्यावा का?

नकाशावेडा:
आपल्या मातोश्रींचा प्रश्नच बरोबर आहे. आकाशातून फिरणाऱ्या कॅमेऱ्याला रस्ता नसतो, त्यामुळे पाहणाऱ्यालाही दिशा राहत नाही. म्हणून आधी कागदी नकाशा भिंतीवर लावा. हा देश सुमारे २०,२७१ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपले नागपूर आणि चंद्रपूर हे दोन जिल्हे एकत्र केले तर तो त्यात मावून थोडी जागा उरेल. त्यातही निम्म्याहून अधिक भूभाग जंगलाखाली आहे.

त्यानंतर गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमधून, म्हणजे रस्त्यावरून टिपलेल्या चौफेर छायाचित्रांतून, एकच रस्ता घ्या आणि तो टप्प्याटप्प्याने चढा. माझी निवड व्हर्शिच खिंडीची असेल. क्रान्स्का गोरा या गावाहून निघालेला हा रस्ता १,६११ मीटर उंचीवरची खिंड ओलांडून पलीकडे त्रेंता खोऱ्यात उतरतो आणि वाटेत त्याला पन्नास नागमोडी वळणे आहेत. प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी असल्यामुळे आपण कुठे आहोत, हे कुणाला विचारावे लागत नाही. पहिल्या महायुद्धात हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला गेला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यांच्यापैकी अनेकजण गाडले गेले आणि त्यांच्या सोबत्यांनी उभारलेले लाकडी प्रार्थनागृह आठव्या वळणापाशी आजही आहे. चित्रफितीत ते दोन सेकंदांत निघून जाते. तुम्ही तिथे दहा मिनिटे थांबा. पलीकडे उतरलात की सोचा नदीचा पाचूसारखा रंग भेटेल, पण एका दुपारी तेवढे सगळे उरकू नका.

वाळ्याची ताटी:
वेळेचा हिशेब कुणी सांगितला नाही, तो मी सांगते. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. आपल्याकडे दुपारचा एक वाजतो, लू सुरू असते, कूलरच्या ताट्यांवर पाणी सोडलेले असते, तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. ब्लेडच्या काठावरचे थेट प्रक्षेपणाचे कॅमेरे याच वेळी लावावेत. सरोवरात मोटारबोटींना परवानगी नाही. नावाडी उभ्याने वल्ही मारत लोकांना बेटावर नेतात आणि तिथून चर्चपर्यंत ९९ पायऱ्या चढाव्या लागतात. नवऱ्या मुलाने नवरीला उचलून त्या चढाव्यात अशी तिथली प्रथा आहे. (रामटेकला ही प्रथा नाही, हे आपल्याकडच्या नवरदेवांचे नशीब.) प्रक्षेपणात बहुतेक वेळ काहीच घडत नाही, मधूनच एखादी नाव सरकते. माझ्या सासूबाईंना तेच आवडले.

हेडसेट मात्र घेऊ नये. आम्ही उसना आणून पाहिला. डोळे चालतात आणि शरीर खुर्चीत बसलेले असते, त्यामुळे चक्कर येते; गुडघ्याच्या रुग्णाचा तोल गेला तर भलतेच व्हायचे.

निवृत्त भूगोल मास्तर:
एक दुपार पोस्तोयनाच्या गुहेसाठी ठेवावी. आपली लेणी माणसांनी कातळात खोदली; ही चोवीस किलोमीटरची गुहा पिव्का नदीने चुनखडक विरघळवून तयार केली. अशा भूरूपांना जगभर वापरला जाणारा 'कार्स्ट' हा शब्द याच देशातल्या क्रास नावाच्या पठारावरून आला. आत १८७२ पासून पर्यटकांसाठी रूळ आहेत आणि बारमाही तापमान दहा अंशांच्या आसपास असते. आपल्या पंचेचाळीस अंशांत बसून ते ऐकण्यातही थोडा गारवा आहे.

मातोश्री संस्कृतच्या आहेत म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. तिथल्या २,८६४ मीटर उंचीच्या सर्वोच्च शिखराचे नाव त्रिग्लाव, म्हणजे तीन डोक्यांचा. त्यातला 'त्रि' आपल्या 'त्रि'चा सख्खा भाऊ आहे. शिवाय स्लोव्हेनियन भाषेने द्विवचन अजून टिकवून ठेवले आहे.

धरमपेठकर:
सर्वांचे मनापासून आभार. हेडसेटचा विचार सोडला. काल एक ते तीन या वेळात आम्ही व्हर्शिचच्या सतराव्या वळणापर्यंत चढलो. आईने वहीत वळणांचे क्रमांक लिहिले आणि आठव्यापाशी मला माउसवरचा हात काढायला लावला. द्विवचनाचे कळल्यापासून मात्र प्रवास थोडा लांबला आहे, कारण शिखर, सरोवर, नाव अशा प्रत्येक शब्दाचे द्विवचन शोधून दिल्याशिवाय ती पुढच्या वळणाला जाऊ देत नाही. आज तेहेतीस वळणे बाकी आहेत.