बाबांना पहिल्यांदा जपानी जेवण द्यायचंय. चौघांत दोन हजार, बडोद्यात काय जमेल?

रावपुऱ्याची_लेक

नमस्कार मंडळी. येत्या बारा तारखेला बाबा साठ वर्षांचे होतात आणि त्याच महिन्याच्या शेवटी रिटायर होतात. सगळी नोकरी रेल्वेत, त्यातली बरीच वर्षं प्रतापनगरला. शहरात बुलेट ट्रेनचे खांब उभे राहायला लागल्यापासून बाबा रोज सकाळी फिरायला म्हणून निघतात आणि काम बघत उभे राहतात. घरी आले की आईला सगळं सांगतात: आज गर्डर चढवला, आज क्रेन हलवली. मुंबई ते अहमदाबाद 508 किलोमीटर, 12 स्टेशनं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मागच्या आठवड्यात जेवताना त्यांनी विचारलं, "ही जपानी माणसं रोज जेवतात तरी काय गं?" तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

आम्ही चार जण. दोन हजारांच्या वर मला जमणार नाही. बाबा आणि भाऊ मासे-चिकन खातात, आई पूर्ण शाकाहारी.

मी स्वतः एकदाच खाल्लंय, ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर. तीही शाकाहारी. वेटरला दोनदा विचारलं, तो दोन्ही वेळा "एकदम व्हेज" म्हणाला. अर्धं सूप प्यायल्यावर आतून दुसऱ्यानं येऊन सांगितलं की सूपच्या पाण्यात मासा असतो. मैत्रीण तशीच उठली, रस्त्यावर येऊन रडली. पैसे तर गेलेच, पण तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. आईच्या बाबतीत असं झालेलं मला अजिबात चालणार नाही. शिवाय सुशीचे आठ तुकडे साडेपाचशेला, आणि पोट काही भरलं नाही.

बाहेर न्यावं की घरी करावं? काय मागवावं, काय टाळावं? कुणी खरंच खाल्लेलं असेल तर सांगा.

फतेगंज_हॉस्टेल

ताई, मी युनिव्हर्सिटीत शिकतो. आम्ही पाच जण पैसे काढून महिन्यातून एकदा काहीतरी नवीन खातो, त्यामुळे खिशाचं गणित मला कळतं. पोट भरायचं असेल तर सुशीवर जाऊ नका. काकडीचा एकच रोल मागवा, त्याला कप्पा माकी म्हणतात. तो चौघांत चवीपुरता. पोटासाठी जपानी करी-राइस. दाट, थोडी गोडसर करी आणि भात, हातात चमचा. तुमच्या बाबांना परकं वाटणार नाही. जपानात करी मेइजी सम्राटाच्या काळात इंग्रजांकडून गेली, म्हणून ती आपल्या रश्श्यापेक्षा इंग्रजी स्ट्यूच्या जवळची. पुढे 1927 साली टोकियोतल्या नाकामुराया या दुकानानं क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्याकडून शिकून भारतीय पद्धतीची करी विकायला सुरुवात केली. ही गोष्ट बाबांना जेवताना सांगा, त्यांना आवडेल.

काकूंसाठी मात्र सावध राहा. करीच्या तयार वड्यांमध्ये बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. रामेन म्हणजे सूपातल्या शेवया, त्यांचं पाणी तर बहुतेक डुकराच्या नाहीतर कोंबडीच्या हाडांचं.

नागोयाहून_परत

पोरी, आधी तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण प्रश्न फार चांगला आहे. जपानी माणूस रोज सुशी खात नाही. गरम भात, वाटीभर मिसो सूप, लोणचं आणि सोबत भाजी, टोफू किंवा मासा. "इचिजू सानसाई" म्हणतात, म्हणजे एक सूप आणि तीन पदार्थ. आपलं भात, आमटी, भाजी, कोशिंबीर, लोणचं असं ताट डोळ्यांपुढे आण, झालं.

मी नागोयात तीन वर्षं काढली, एका पगारावर. बाहेर खाणं परवडायचं नाही. संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटमध्ये डब्यांवर अर्ध्या किमतीचे स्टिकर लागायचे. चिकटवणारा माणूस कधी येतो याची वाट बघत आम्ही बायका टोफूच्या कपाटापाशी उभ्या असायचो. त्या डब्यांतून मी जपानी जेवण शिकले, हॉटेलातून नाही. म्हणून घरीच कर असं सांगते.

तुझ्या मैत्रिणीचं जे झालं ते का झालं ते समजून घे. त्यांच्या स्वयंपाकाच्या बुडाशी "दाशी" असते, म्हणजे अर्क काढलेलं पाणी. बहुतेक वेळा ती कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचे कीस यांची. मिसो स्वतः शाकाहारी: सोयाबीन, मीठ आणि कोजीची बुरशी लावलेलं तांदूळ किंवा जव. मासा येतो तो पाण्यातून. वेटरनं वर मासा दिसत नाही म्हणून व्हेज सांगितलं असणार. तेव्हा "व्हेज आहे का" असं विचारूच नकोस, "दाशी कशाची आहे" असं विचार, आणि तेही स्वयंपाक करणाऱ्याला. तेंपुरा म्हणजे त्यांची भजी, तिच्या सोबतच्या पाण्यात दाशी. इनारी म्हणजे भात भरलेली टोफूची पिशवी, त्या पिशवीतही दाशी. काही मिसोच्या पाकिटांतही ती आधीच मिसळलेली असते, मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नकोस. आईसाठी कोंबूचा तुकडा आणि दोन वाळके शिताके मशरूम रात्री पाण्यात घाल. सकाळी तेच पाणी गरम करून गॅस बंद कर आणि मग मिसो विरघळव. मिसो घातल्यावर उकळी आणायची नाही, वास उडून जातो.

आता खरी सूचना. बाबा रेल्वेचे ना? मग त्यांना एकीबेन दे. एकी म्हणजे स्टेशन, बेन म्हणजे बेंतो, डबा. स्टेशनावर विकायचा डबा. पहिला 1885 मध्ये उत्सुनोमिया स्टेशनावर विकला गेला असं मानतात. त्यात होते फक्त दोन भाताचे गोळे, आत उमेबोशी नावाचं खारवलेलं फळ, सोबत मुळ्याचं पिवळं लोणचं आणि बांबूच्या पानाचं वेष्टन. एवढंच. हे तू पाचशेच्या आत करशील.

इंद्रायणी तांदूळ घे, दांडिया बाजारात मराठी सामान ठेवणाऱ्यांकडे विचार. बासमती नको, गोळा बांधला जात नाही. तांदूळ अर्धा तास भिजवून जाड बुडाच्या पातेल्यात शिजव. कुकर नको, इंद्रायणीचा गिचका होतो. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. मग हात पाण्यात बुडव, तळव्यावर चिमूटभर मीठ पसर आणि हाताला सोसेल इतका गरम भात घे. मध्ये खळगा करून लोणचं ठेव, भात वर ओढून घे. एक हात तळाशी, दुसऱ्या हाताची बोटं छपरासारखी वाकवून तीनदा फिरवत दाब. लाडूसारखा आवळायचा नाही. बाहेरून धरला पाहिजे आणि दातांखाली सुटला पाहिजे. या भाताला व्हिनेगर नाही, तो सुशीचा.

उमेबोशी म्हणजे खारवून वाळवलेलं आंबट फळ. ती शोधत पैसे घालवू नकोस. घरात मिठातलं जुनं काळं लिंबू असेल तर तेच घाल. मी नागोयात उलटं करायचे, आईच्या हातच्या लिंबाची आठवण आली की उमेबोशी खायचे.

रावपुऱ्याची_लेक

मावशी, तुमचं उत्तर आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती फळीवरची बरणीच घेऊन आली, सहा वर्षांचं लिंबू आहे! दोनच शंका. गोळ्याला गुंडाळतात ती नोरी शाकाहारी का? आणि पिवळा मुळा कसा करायचा?

खंडेराव_मार्केटवाला

मुळ्याचं मी सांगतो, लोणची हा माझा प्रांत. जपानी ताकुआन म्हणजे मुळे वाळवून तांदळाच्या कोंड्यात आणि मिठात महिनोन्‌महिने मुरवतात. तुम्हाला तेवढा वेळ नाही. खंडेराव मार्केटमधून सरळ, न जून झालेला मुळा आणा. पातळ चकत्या करून मीठ लावा, तासाभरानं घट्ट पिळून काढा. पाव वाटी व्हिनेगर, तितकीच साखर आणि दोन चिमटी हळद कोमट करून, गार झाल्यावर ओता. दोन दिवस फ्रिजमध्ये. बरणी उघडल्यावर मुळ्याचा उग्र वास येईल, घाबरू नका, तसाच असतो.

नोरी शेवाळाची असते, मासा नाही. पण समुद्राचा वास आहे, आईंना नकोसा वाटला तर त्यांचा गोळा भाजलेल्या तिळात घोळवा. नोरी आधी गुंडाळली तर ओली होऊन चिवट होते, खाताना लावा. आणि वासाबी आणलीत तर बाबांना मुगाच्या दाण्याएवढीच द्या. ट्यूबमधली बहुतेक हॉर्सरॅडिश आणि मोहरीची असते. लोणच्याची मोहरी फेसताना नाकात जाते ना, तशी चढते.

रावपुऱ्याची_लेक

काल बारा तारीख झाली. सगळं सविस्तर लिहितेय, कारण तुम्ही सगळ्यांनी मनापासून सांगितलंत.

पहाटे पाचला तांदूळ भिजवले. पहिले दोन गोळे फुटले, मी घाबरून फार हळू दाबत होते. तिसऱ्यापासून आईनं हात घातला आणि तिचे सगळे सरळ तिकोनी झाले. बांबूचं पान कुठलं, केळीचं पान गॅसवर धरून मऊ केलं. प्रत्येकाला दोन गोळे, मुळ्याच्या चार चकत्या. थर्मासमध्ये मिसो सूप, कोंबू-शिताकेच्या पाण्याचं. मिसोची तीन पाकिटं बघितली तेव्हा दाशी नसलेलं मिळालं.

बाबांना सांगितलं, स्टेशनवर जायचंय. दहा-दहा रुपयांची प्लॅटफॉर्म तिकिटं काढली आणि बुलेट ट्रेनच्या स्टेशनचं काम दिसेल अशा बाकावर बसलो. बाबांनी दोरा सोडला, पान उलगडलं आणि काही न बोलता बघत राहिले. पहिला घास घेतला. लिंबू लागलं तसे थांबले आणि आईकडे वळून म्हणाले, "ही तर शिदोरी आहे की. तुझंच लिंबू." मग मी 1885 चं सांगितलं. ते एकदम म्हणाले, "म्हणजे आपल्या डभोई लाइनीवर रेल्वेचे डबे बैल ओढायचे त्याच्यानंतर तेवीस वर्षांनी." 1862 आणि 1885, हिशेब त्यांनी तोंडीच केला. सूप आईनं दोनदा घेतलं. ती एवढंच म्हणाली, की कढणासारखं आहे, पोटाला बरं वाटतं. मी तिच्याकडे बघत होते, मैत्रिणीची आठवण येत होती. मैत्रिणीला रविवारी घरी बोलावलंय, तेच सूप करणार आहे.

खर्च सहाशे चाळीस, त्यात जवळजवळ निम्मे मिसोचे. मिसो आणि नोरी दोन्ही उरलंय. राहिलेल्या पैशांत संध्याकाळी बाहेर करी-राइस खायला नेणार होते. बाबा म्हणाले, नको. महिनाअखेरीला त्यांचा शेवटचा दिवस, ऑफिसात तीस माणसं आहेत. सगळ्यांना हाच डबा द्यायचा असं त्यांच्या मनात आहे. मावशी, साठ गोळ्यांना तांदूळ किती लागेल?

नागोयाहून_परत

एका गोळ्याला शंभर ग्रॅम शिजलेला भात, म्हणजे कच्चा साधारण पंचेचाळीस ग्रॅम. साठांना पावणेतीन किलो, तू तीन घे. एकदम शिजवू नकोस, तीन पातेल्यांत कर. रात्री करून ठेवू नकोस, फ्रिजमध्ये भात कडक होतो आणि बाहेर आंबतो. पहाटे करून दुपारच्या आत संपला पाहिजे. दोघींना साठ होणार नाहीत. मी कारेलीबागेत राहते, पाचला येते. लिंबाची दुसरी बरणी माझ्याकडून.