ट्रक सतत डावीकडे ओढतो. दोष कुठे शोधावा?

प्रश्न : माझा सहाचाकी ट्रक भरून चालवताना सतत डावीकडे ओढतो, ब्रेक दाबल्यावर मात्र ही ओढ वाढत नाही. पुढच्या टायरांची हवा सारखी आहे, पुढच्या चाकांचे अलाइनमेंटही (चाकांची दिशा व कोन जुळवणे) झाले आहे. आता काय तपासावे?

उत्तर १ : पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे आधी सपाट जागी खात्री करावी. मग पुढचे टायर डावे-उजवे बदलावेत. ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरचाच समजावा.

उत्तर २ : गाडी चालवून थांबल्यावर चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला स्पर्श न करता हात जवळ न्यावा. डावा ड्रम अधिक तापला असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही.

उत्तर ३ : मला पाट्यांचा (गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) संशय येतो. पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरून चाकांच्या आसाला, म्हणजे अ‍ॅक्सलला, जागेवर ठेवणारा सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल सरकतो आणि ज्या बाजूचे पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर कमी होते, तिकडे गाडी ओढते. पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटने ते सुधारत नाही. माझ्या गाडीत डावीकडे १८ मिलिमीटर कमी भरले होते आणि पाटे आसाला आवळणाऱ्या यू-बोल्टपाशी घासल्याची चकचकीत रेघ दिसत होती. कृपया दुरुस्ती होईपर्यंत माल भरू नका.

प्रश्नकर्ता : मोजले. डावीकडे खरोखरच कमी भरते; उद्याच पाटे खोलून घेतो.