ऑटोफिक्शनला मराठीत काय म्हणायचं?

एका लेखाचं भाषांतर करतेय आणि 'ऑटोफिक्शन'वर दोन दिवस गाडी अडकलीये. 'आत्मचरित्रात्मक कादंबरी' चालेल का?

---

आमच्याकडे रिक्षाच्या मीटरला म्हणतात :)

---

नाही चालणार. आत्मचरित्रात्मक कादंबरीत लेखक नाव बदलून लपतो, इथे नायकाचं नाव लेखकाचंच. हा शब्द काढला सर्ज दुब्रोव्स्की ह्या फ्रेंच लेखकाने, १९७७ साली, स्वतःच्याच कादंबरीच्या मलपृष्ठावर, म्हणजे चक्क ब्लर्बमध्ये जन्मलेला शब्द आहे. त्याआधी फिलिप लजन ह्या समीक्षकाने एक तक्ता मांडलेला, त्यात 'कादंबरी, पण नायकाचं नाव लेखकाचंच' हा रकाना रिकामा होता, दुब्रोव्स्कीने तो भरून दाखवला. दुब्रोव्स्की माणूस पॅरिसचा, पण नोकरी न्यूयॉर्कला फ्रेंच शिकवायची, त्यामुळे फ्रेंच लिहिता लिहिता मधेच इंग्रजी घुसते आणि एक शब्द नादावरून दुसऱ्याला ओढून आणतो.

कादंबरीचं नावच बघ ना, Fils. स्पेलिंग एकच, 'फिस' वाचलं तर मुलगा, 'फिल' वाचलं तर धागे. वडील शिंपी होते त्याचे!

---

मग 'आत्मकल्पित' करू?

---

'कल्पित' नको गं. घटना खऱ्याच असतात असं तो स्वतः म्हणायचा, लेखकाची करामत मांडणीत आणि भाषेत. फिक्शनचा मूळ लॅटिन धातूही मातीला आकार देतात तसं घडवण्याचा आहे, थापा मारण्याचा नाही. त्याचं 'मोडलेलं पुस्तक' घे, बायको म्हणाली आपल्या संसारावर लिही, मग प्रकरणं वाचायची, वाद घालायची, आणि लिखाण चालू असतानाच ती वारली. १९८९ ला पुस्तकाला फ्रान्सचा मेदिसी साहित्य पुरस्कार मिळाला, पण ते वाचून झाल्यावर 'कल्पित' म्हणायला जीभ रेटत नाही. मी 'आत्मकादंबरी' लिहीन, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजावून.

---

आत्मकादंबरी पटतंय. पण ते मुलगा-धागे मराठीत कसं आणायचं?

---

सोप्पंय, सुत आणि सूत. पवनसुतातला ऱ्हस्व, चरख्यावरचा दीर्घ. त्यांचं लिहायला एक नि वाचायला दोन, आपलं लिहायला दोन आणि बोलताना दोन्हीकडे सूतच :)

---

आहाहा! फक्त मुद्रितशोधकाला आधी फोन करून ठेव, नाहीतर तो दोन्ही सारखे करून टाकेल.