आर्ब आणि स्काल्पिंग: 'कोणीही जिंको, पैसे आपलेच' हे खरं आहे का?

रेडिंगवासी:
नमस्कार मंडळी. दीड वर्षापूर्वी पुण्याहून इंग्लंडात, रेडिंगला आलो. ऑफिसात शेजारी बसणारा एक जण जेवणाच्या सुट्टीत दोन-तीन बुकींच्या साइट उघडून बसलेला असतो. परवा विचारलं तर म्हणाला, "मी जुगार खेळत नाही, आर्ब करतो. कोणीही जिंको, पैसे मलाच मिळतात." स्काल्पिंग म्हणूनही एक प्रकार आहे म्हणे, त्यात शर्यत सुटायच्या आधीच माणूस मोकळा होतो. माझं गणित बरं आहे, पण बेटिंगमधलं ओ की ठो कळत नाही. कोणी सातवीच्या पोराला सांगावं तसं सांगेल का? इथे जिंकलेल्या पैशांवर कर नाही हे खरं का? आणि पुण्यात धाकटा भाऊ आहे, तोही मागे लागलाय. त्याला तिथून जमेल का?

लेस्टरचा काका:
अरे, तुझा तो शेजारी म्हणजे चौदा महिने मीच होतो. मी फक्त रात्री करायचो, घरचे झोपल्यावर, जेवणाच्या टेबलावर, दोनशे पानी वही घेऊन.

कराचं आधी उरकतो. इथे खेळणाऱ्याच्या जिंकण्यावर कर नाही. लावणाऱ्याकडून वसूल होणारी बेटिंग ड्युटी ऑक्टोबर २००१ मध्ये गेली.

आता भाव. २.८० चा भाव म्हणजे एक पाउंड लावला आणि जिंकलास तर मुद्दलासकट २.८० परत. १ ला भावाने भाग, की त्या खेळाडूची शक्यता बुकी किती धरतोय ते कळतं. एकाच बुकीकडच्या दोन्ही बाजू बेरजेला घेतल्या तर उत्तर १ च्या वर जातं, १.०५ वगैरे. वरचे ते पाच पैसे त्याच्या पोटापाण्याचे. पण दोन वेगळ्या बुकींचे भाव घेतले तर कधीकधी बेरीज १ च्या खाली येते. त्या फटीला आर्ब म्हणतात.

माझ्या वहीतलंच उदाहरण देतो. टेनिसचा सामना. एका बुकीकडे पहिल्या खेळाडूला १.६२, दुसऱ्या बुकीकडे प्रतिस्पर्ध्याला २.८०. १ भागिले १.६२ म्हणजे ०.६१७, १ भागिले २.८० म्हणजे ०.३५७. बेरीज ०.९७४. मी ५०० पाउंड त्याच प्रमाणात वाटले: ३१७ इकडे, १८३ तिकडे. पहिला जिंकला तर ५१३ आणि वर थोडी चिल्लर, दुसरा जिंकला तर ५१२ आणि चिल्लर. म्हणजे कोणीही जिंको, साडेबाराच्या आसपास खिशात. वहीत आधीच हिरव्या शाईने लिहूनही टाकलं.

दुसऱ्या सेटमध्ये त्या प्रतिस्पर्ध्याने मांडी धरली आणि सामना सोडला. एका बुकीचा नियम: सामना पूर्ण झाला नाही तर सौदा रद्द, पैसे परत. दुसऱ्याचा नियम: एक सेट पुरा झाला असेल तर सौदा कायम, पुढे गेला तो विजेता. ३१७ परत आले, १८३ गेले. गणित बरोबर होतं, नियमांचं पान वाचलं नव्हतं. त्या रात्री ते वाचलं. चाळीस मिनिटं लागली.

टेनिसच नाही. क्रिकेटमध्ये सामना टाय झाला तर सुपर ओव्हर धरायची की नाही, पावसाने किती षटकं कापली तर सौदा रद्द, हे प्रत्येकाचं आपापलं असतं. कसोटीत तर अनिर्णित धरून तीन बाजू लावाव्या लागतात. शिवाय बुकीने उघडउघड चुकीचा भाव टाकला असेल (१.२५ ऐवजी १२.५), तर तो नंतर सौदा रद्द करू शकतो, आणि दुसऱ्या बाजूचं ओझं तुझ्या डोक्यावर राहतं.

दोन क्लिकच्या मधलं अंतरही लक्षात ठेव. पहिला सौदा लागला आणि दुसऱ्या साइटवर 'भाव बदलला आहे' अशी पाटी आली, तर त्या क्षणी तू साधा जुगारीच.

डोंबिवली ते डर्बी:
काका, आर्ब करणाऱ्यांची खाती बुकी मर्यादित करतात ते राहिलं. माझ्या एका खात्यावर सहा आठवड्यांत एका सौद्याची कमाल रक्कम २ पाउंड ४० पेनीवर आणली. निरोपात लिहिलं होतं, हा 'व्यावसायिक निर्णय' आहे. भांडायला जागाच नाही.

रेडिंगवासी:
बाप रे. मग स्काल्पिंगला तरी बुकी लागत नाही ना?

लेस्टरचा काका:
नाही, तिथे एक्स्चेंज लागतं. बेटफेअर २००० साली सुरू झालं, तेच इथलं मोठं. तिथे बुकी नसतो, समोर आपल्यासारखाच कोणीतरी असतो. तू घोडा जिंकेल म्हणून पैसे लावू शकतोस, किंवा जिंकणार नाही म्हणून समोरच्याचे पैसे खाऊ शकतोस. आपल्याकडच्या सट्टाबाजारात लगाई आणि खाई म्हणतात ना, तेच हे बॅक आणि ले. इंग्रजी पुस्तकात तीन पानं वाचून डोक्यात शिरलं नव्हतं, मुंबईचे हे दोन शब्द आठवले आणि शिरलं.

शनिवारची घोड्यांची शर्यत घे. सुटायला दहा मिनिटं असताना बाजारात भरपूर पैसा असतो आणि भाव एक-एक पायरी वरखाली होत राहतो. ३ ते ४ च्या दरम्यान एक पायरी ०.०५ ची. ३.०५ ला १०० पाउंड लावले. भाव ३.०० झाला की समोरच्याचे १०१.६७ खाल्ले (१०० गुणिले ३.०५ भागिले ३). घोडा जिंकला तर मुद्दल सोडून २०५ मिळाले, २०३.३३ द्यावे लागले. हरला तर १०० गेले, १०१.६७ आले. दोन्हीकडे १.६७. त्यातून एक्स्चेंज फायद्यावर कमिशन कापतं. घोड्याचं नावसुद्धा वाचायची गरज नाही.

आता उलट बघ. भाव खाली न येता ३.२० वर गेला आणि तू घाबरून बाहेर पडलास तर ४.६९ गेले. तीन वेळा कमावलेलं एकदाच देऊन मोकळा. आणि खरा खड्डा पुढे आहे: 'येईल खाली' म्हणत बसलास, शर्यत सुटली, आता शंभरच्या शंभर एका घोड्यावर. मी हे दोनदा केलंय. एकदा घोडा जिंकला, आणि तेच वाईट झालं, कारण महिनाभर मला वाटत राहिलं की माझी नजर चांगली आहे.

चालू सामन्यात नवख्याने हे करूच नये. एक्स्चेंज तुझा सौदा काही सेकंद अडवून धरतं, टीव्हीवरचं चित्र त्याहून मागे, आणि विकेट पडलेली मैदानात बसलेल्याला आधीच दिसलेली असते.

ठाणेकर सीए:
भावासाठी लिहितो. त्याला नाही म्हणून सांगा. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेदही त्यात ठेवलेला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण बँकांना असे व्यवहार करायला मनाई आहे, म्हणजे पैसे अडकले तर दाद कुठे मागणार? लॉटरी, फुटबॉल पूल असल्या गोष्टींसाठी परदेशी पैसे पाठवायला तर फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) २००० च्या नियमांतच बंदी आहे. शर्यतच बघायची हौस असेल तर महालक्ष्मीला जा म्हणावं.

रेडिंगवासी:
भावाला कळवतो. काका, शेवटचं. चौदा महिन्यांत सुटले किती? आणि खातं मर्यादित झालं तर बायकोच्या नावावर उघडलं तर चालतं का? शेजारी तसंच करतो.

लेस्टरचा काका:
६११ पाउंड. वहीत वेळही लिहायचो: ३४० तास. भाग तूच कर. शेजारच्या गोदामात एप्रिल २०२५ मध्येच तासाला किमान १२.२१ पाउंड मिळत होते.

बायकोच्या नावाचं करू नकोस. खातं ज्याचं त्यानेच वापरायचं, असं त्यांच्या अटीत लिहिलेलं असतं. पैसे काढायच्या वेळी ओळखपत्र मागतात, कधी व्हिडिओवर बोलावतात. तिला विचारलं की १४ तारखेला कोणता सामना लावलात, तर ती काय सांगणार?